एकशे विसावं पान: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझी गोष्ट १८ भागांपर्यंत आलीये, एकूण २४ चा प्लॅन आहे, आणि आता प्रत्येक भागानंतर तेच तेच प्रश्न येतात. फोनवर येतात, लग्नात जेवणाच्या पंगतीत येतात, परवा तर भाजी घेताना एका काकूंनी थांबवून विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. भाग १८ पर्यंतचे स्पॉयलर आहेत, वाचलं नसेल तर इथूनच परत फिरा.

थोडक्यात गोष्ट काय आहे? मी मधूनच वाचायला घेतली

तन्वी, वय १९, सावंतवाडीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आजोबा वारल्यावर त्यांच्या कपाटातून गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, लाकडी डबा निघतो. १२० पानं हवीत, मोजली तर ११९. कृष्णाचा राजा गायब, आणि त्याच्या जागी एसटीचं एक जुनं तिकीट, ते पातळ कागदाचं, कंडक्टर पंच करून द्यायचे ते. आजोबांची धाकटी बहीण शालू १९७९ मध्ये घरातून गेली ती परत आलीच नाही, आणि घरात तिचं नाव कुणी काढत नाही. तन्वी शोधायला लागते. मदत करतो प्रथमेश, ज्याच्या बाबांचं तहसील ऑफिसच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान आहे.

ही लव्हस्टोरी आहे की मिस्टरी? नीट सांग, आम्ही कन्फ्यूज आहोत

दोन्ही. हे मला टाळायचंच नाहीये. दोन्हीचं इंजिन एकच आहे असं मला वाटतं, म्हणजे कोण कुणाकडे बघतंय, कोण बघून न बघितल्यासारखं करतंय, कोण कुणाबद्दल बोलायचं टाळतंय. शालूच्या वेळी हेच झालं आणि तन्वी-प्रथमेशच्या बाबतीतही हेच चाललंय, फक्त मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली.

सावंतवाडीच का? पुण्यात घडवली असती तर जास्त लोकांना कनेक्ट झालं असतं

पुण्यात ही गोष्ट दुसऱ्या भागात मेली असती. मोठ्या शहरात माणूस गायब झाला की प्रश्न असतो कुणी पाहिलं का. वाडीत सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. पानवाल्याने पाहिलेलं असतं, समोरच्या पडवीतल्या म्हातारीने पाहिलेलं असतं, एसटी स्टँडवर चहावाल्याने तर तू कुठल्या गाडीत बसलीस हेपण पाहिलेलं असतं. प्रश्न एवढाच की सांगणार कोण. मला पुरावा शोधणारी नायिका नको होती, मला अशी नायिका हवी होती जिला सगळं माहीत असलेल्या माणसांमध्ये राहून त्यांना बोलतं करायचंय, आणि त्यांच्याच घरी गणपतीला आरतीला पण जायचंय.

आणि खरं कारण म्हणजे मी तिथली आहे, मला दुसरं गाव येत नाही.

गंजिफा खरंच असतात की तू बनवलंस?

अरे देवा. खरंच असतात. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणून १२०. मुघल पद्धतीचा संच वेगळा, त्यात आठ रंग आणि ९६ पानं. जुन्या पद्धतीत कागदा-कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घासून, वर रंग आणि लाखेचं पॉलिश. ही कला जवळजवळ संपलेली, ती गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी परत उभी केली आणि राजवाड्यात कलाकार बसून काम करू लागले. आजही गेलात तर समोर बसून रंगवताना बघायला मिळतं.

हातात घेऊन बघा एकदा. छापील पत्त्यासारखं वाटत नाही, नाणं धरल्यासारखं वाटतं. आणि कुठलीही दोन पानं हुबेहूब सारखी नसतात, एका मत्स्याचा डोळा जरा मोठा, एकाची शेपटी वाकडी. त्यामुळेच हरवलेलं पान नंतर नवीन करून घातलं तर जाणकाराला कळतंच, हे भाग २० साठी लक्षात ठेवा.

कृष्णाचाच राजा का गायब? रामाचा का नाही?

हा प्रश्न फक्त तिघांनी विचारला आणि तिघांनाही मी मनातल्या मनात शंभर मार्क दिले. दशावतारी गंजिफात नियम असा की दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो डाव सुरू करणार, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा. म्हणजे कृष्णाचा राजा नसेल तर तो संच रात्री खेळताच येत नाही. ज्याने कुणी ते पान काढलं त्याला हेच सांगायचं होतं की त्यानंतर या घरात रात्रीचा डाव कधीच झाला नाही. कोणती रात्र ते पुढे येईल.

मोठी चूक सापडली!! १९७९ ला सावंतवाडीत रेल्वे कुठे होती? थोरले आजोबा म्हणतात शालूला स्टेशनवर सोडलं

ही चूक मला आतापर्यंत निदान पंचवीस जणांनी दाखवली, काहींनी तर फार प्रेमाने, "ताई रिसर्च कमी पडला" वगैरे. चूक नाही ती!! क्लू आहे. कोकण रेल्वेच्या कामाची पायाभरणी १९९० ची आणि पूर्ण मार्गावर गाड्या धावायला लागल्या २६ जानेवारी १९९८ ला. थोरल्या आजोबांनी, म्हणजे तन्वीच्या आजोबांच्या मोठ्या भावाने, इतकी वर्षं तीच गोष्ट इतक्या वेळा सांगितलीये की मध्ये रेल्वे आली आणि त्यांच्या गोष्टीतली एसटी कधी आगगाडी झाली आणि स्टँडचं स्टेशन कधी झालं हे त्यांना स्वतःलाच कळलं नाही. खोटं बोलणारा माणूस असाच सापडतो, गोष्ट सांगताना तो आजूबाजूचं जग अपडेट करत राहतो.

आता हुशार वाचक म्हणतील की बेळगावला जाऊन ट्रेन पकडता यायची. बरोबर आहे, लोक जायचेच आंबोली घाटातून. पण भाग ६ परत वाचा, ते म्हणतात "सोडून अर्ध्या तासात घरी, पेज गरम होती अजून." बेळगाव नव्वद-एक किलोमीटर आहे, तेही घाट चढून. अर्ध्या तासात जाऊन येणं होतं ते आजच्या स्टेशनला, मळगावच्या.

तन्वीला हे भाग ९ मध्ये कळतं आणि ती कुणालाच सांगत नाही, त्यावर पण लोक चिडले. पण तुम्ही सांगितलं असतं का, पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना तोंडावर?

पत्राच्या पाकिटावर "जि. रत्नागिरी" लिहिलंय, सावंतवाडी सिंधुदुर्गात आहे

आज आहे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी सगळं रत्नागिरीतच. आणि त्याच पाकिटावर पिनकोड पण आहे, जो १९७२ मध्ये सुरू झाला. त्यामुळे प्रथमेश म्हणतो की पत्र ७२ ते ८१ मधलं. पण त्याला हे सुचत नाही की जुनी माणसं पुढे कित्येक वर्षं सवयीनं रत्नागिरीच लिहीत होती. बस, यापुढे बोलत नाही.

शालिनीचं नाव भाग ११ मध्ये "शालीनी" झालंय, टायपो दुरुस्त कर

टायपो नाहीये. हक्कसोडपत्रावरची (ते काय ते पुढच्या प्रश्नात) सही तशी आहे. शालू शिक्षिका व्हायची होती, डी.एड. केलेली बाई, तिच्या वहीवर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शालिनी, पहिली ऱ्हस्व दुसरी दीर्घ. आणि तहसीलमधून आलेल्या नकलेत दोन्ही वेलांट्या दीर्घ. माणूस हजार शब्द चुकेल, स्वतःचं नाव कसं चुकेल.

तो सीन मला स्वतःला आवडतो म्हणून सांगते. दुकान बंद करायची वेळ, लाइट गेलेले, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब. प्रथमेश मशीनचं झाकण न लावताच कॉपी काढतो आणि तो हिरवा उजेड त्याच्या हनुवटीवरून सरकत जातो, तन्वी कागदाकडे बघायच्या ऐवजी तिकडेच बघत असते, आणि म्हणून ती वेलांटी पहिल्यांदा तिला दिसत नाही, त्याला दिसते. दोन रुपये झाले म्हणतो. ती देते. तो घेतो. पुढच्या भागात तेच दोन रुपयांचं नाणं त्याच्या कंपासपेटीत आहे हे तिला कळतं आणि मला वाटतं तिथेच खरी लव्हस्टोरी सुरू झाली.

हक्कसोड म्हणजे नक्की काय? आम्ही शहरातले, सातबारा पण पहिल्यांदा ऐकला

सोपं करून सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या पश्चात त्याच्या वाट्यात मुलीला पण वारस म्हणून हिस्सा आला. शालूचे वडील १९७६ ला गेले, तलाठ्याने वारस नोंद केली, फेरफार पडला म्हणजे नावं बदलल्याची नोंद झाली, सातबाऱ्यावर, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर ते सांगणाऱ्या सरकारी उताऱ्यावर, आईचं, दोन भावांचं आणि शालूचं अशी नावं लागली. आता आपल्याकडे बहिणीने काय करायचं असतं, तर भावांसाठी हक्क सोडायचा, आनंदाने. साडी-चोळी मिळते, माहेर शाबूत राहतं. जी सोडत नाही ती वाईट. त्याच्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, आणि सही करणारी बाई हीच ती असं सांगणारे ओळखीचे साक्षीदार लागतात.

शालू गायब १९७९ ला. हक्कसोडपत्रावर तारीख १९८३ ची. म्हणजे एकतर शालू ८३ ला जिवंत होती आणि गुपचूप येऊन सही करून गेली, नाहीतर तिच्या नावाने दुसरी कुणी बाई जाऊन बसली आणि दोन साक्षीदारांनी होय हीच शालिनी म्हणून सांगितलं.

आणि अजून एक. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, म्हणजे ज्यांना ती असायला हवी त्यांनाच नसेल, तर कोर्ट तो मेला असं धरू शकतं, जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, नवीन कायद्यातही हाच नियम आहे. ८६ पर्यंत थांबले असते तर कोर्टात जाऊन सरळ मार्ग होता. तीन वर्षं आधी घाई का केली? की त्यांना माहीत होतं की खबर नाही असं शपथेवर सांगता येणार नाही, कारण खबर होती?

(हा भाग लिहिताना मी एका ऑफिसात जुन्या फेरफाराची नक्कल मागायला गेले होते, नुसतं प्रोसेस कळावी म्हणून, आमच्याच घराची. चार चकरा. चौथ्या वेळी कळलं की पहिल्या वेळचा अर्ज कपाटाच्या वर एका फुटक्या कुंडीखाली होता. तो सीन जसाच्या तसा घेतलाय, थँक्यू.)

पोलिसात का जात नाहीत?

काय सांगणार जाऊन? १९७९ ला घरच्यांनी बेपत्ता म्हणून तक्रारच दिली नाही. तेच तर सगळ्यात मोठं आहे. मुलगी हरवली की घरचे बोंबलत पोलिसात जातात. जे जात नाहीत त्यांना एकतर ती कुठे आहे हे माहीत असतं, नाहीतर लोकांना कळण्याची भीती ती न सापडण्यापेक्षा मोठी असते.

तन्वी आणि प्रथमेश सारखे तलावाला फेऱ्या का मारतात, बोअर होतं

बोअर झालं तर सॉरी पण ते मी काढणार नाही. संध्याकाळी मोती तलावाच्या कडेने अख्खी वाडी फिरते, तिथे मुलगा-मुलगी सोबत चालले की घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. म्हणून ते उलट्या दिशेने चालतात. ती राजवाड्याकडून, तो बाजाराकडून. एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात, आणि तेवढ्यात एक वाक्य बोलायचं. पुढचं वाक्य अर्ध्या फेरीनंतर. अख्खा भाग ८ असाच आहे, सोळा वाक्यांचं संभाषण आणि आठ फेऱ्या, तन्वीच्या पायाला फोड येतो.

व्हॉट्सअ‍ॅप आहे ना मग, असं विचारणाऱ्यांना: तन्वीचा फोन आईच्या जुन्या नंबरवर आहे आणि मेसेज आला की आईच्या टॅबवर पण टुंग होतं. आणि पावसाळ्यात आंबोलीच्या बाजूला गेलात तर रेंज असते कुठे.

एक तरी किस दे ना यार, १८ भाग झाले

नाही. म्हणजे माझा विरोध नाही, दोघं १९ वर्षांची आहेत. पण जिथे नुसतं एका छत्रीत चाललं तरी तीन घरांत फोन जातो तिथे ती छत्रीच पुरेशी आहे. भाग १४ मध्ये तो तिच्या हातातली ओली छत्री घेऊन मिटून देतो, आणि एका वाचकाने लिहिलं की मला घाम फुटला. बघा, म्हणजे काम होतंय.

जत्रेचा भाग एवढा लांब का?

कारण जत्रेची रात्र ही एकच रात्र असते जेव्हा मुलीला रात्रभर बाहेर राहायची परमिशन मागावीच लागत नाही. अख्खं गाव देवळापुढे. दशावतार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो, आधी संकासुर येऊन हसवतो, मग आख्यान लागतं. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, आणि बायकांची कामं पुरुषच करतात. आजी पहिल्या रांगेत घोंगडीवर, खटखटे लाडू पदरात, आणि तन्वी मागे खेळण्यांच्या दुकानाच्या आडोशाला.

आणि तिथेच ते होतं. राजाच्या दरबारात एक बाई येऊन म्हणते मीच तुझी बहीण, आणि राजा म्हणतो ओळख पटव. नटाने ते वाक्य त्या क्षणाला रचलेलं, त्याला काय माहीत. पण आजीच्या हातातला लाडू खाली पडतो. तन्वीला तो घरंगळताना दिसतो, आणि तिला एकदम कळतं की निबंधकाच्या ऑफिसात शालू म्हणून कोण बसलं होतं. म्हणजे तिला वाटतं की कळलं. आता सांगा हे तीन पानांत कसं बसवू.

म्हणजे आजीनेच सही केली?

मी असं कुठेही लिहिलेलं नाही. आजी ८३ ला बत्तीस वर्षांची सून होती, तिला कोण विचारून काही करत होतं का. चला पुढे.

मालवणी कळत नाही, कंसात अर्थ देशील का?

नाही देणार, पण इथे थोडे देते. चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा, खंय म्हणजे कुठे, माका म्हणजे मला, व्हाळ म्हणजे ओढा, गजाली म्हणजे गप्पा पण नुसत्या गप्पा नाहीत, त्यात दुसऱ्याच्या घरातलं थोडंफार आलंच पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द "मरांदे". जाऊ दे, सोड, मरू दे. तन्वी काहीही विचारते तेव्हा मोठी माणसं हाच शब्द म्हणतात, मी मोजलं, १८ भागांत ४१ वेळा. दर वेळी अर्थ वेगळा आहे. कधी माया असते, कधी कंटाळा, आणि थोरले आजोबा म्हणतात तेव्हा धमकी असते.

मला पण अशी गोष्ट लिहायचीय, क्लू कसा लपवायचा?

मी काही एक्स्पर्ट नाही, एका मासिकाने हीच गोष्ट "गती संथ" म्हणून परत पाठवलेली. पण मला जमलं ते सांगते. क्लू लपवायचा नसतो, उघड्यावर ठेवायचा आणि वाचकाला त्याच वेळी दुसरीकडे बघायला काहीतरी द्यायचं. मी प्रेम देते. वाचक प्रथमेशच्या हनुवटीकडे बघत असतो तेव्हा वेलांटी निघून जाते. स्टेशनचं वाक्य पण गरम पेजेच्या वासात टाकलं, आणि तरी पंचवीस जणांना सापडलं म्हणजे अजून शिकायचंय.

आणि गावातल्या जुन्या तारखा माहिती करून घ्या, जिल्हा कधी झाला, लाइट कधी आली, रेल्वे कधी आली, एसटीची कुठली गाडी कधी बंद झाली. शहरात याने फरक पडत नाही पण गावात म्हातारी माणसं सन सांगतच नाहीत, ती म्हणतात रेल्वे यायच्या आदी. तुमचा डिटेक्टिव्ह तिथूनच हिशोब लावणार.

ही खरी गोष्ट आहे का? तुमच्या घरातली?

नाही. सगळी माणसं बनवलेली आहेत. तलाव, घाट, गंजिफा, तारखा तेवढ्या खऱ्या.

पुढचा भाग कधी?

१९ वा भाग दिवाळीनंतर. त्यात दोन साक्षीदारांची नावं आहेत.

घरच्यांनी वाचली का? काय म्हणाले?

बाबांनी पहिला भाग वाचून छान म्हटलं आणि झोपले. आईने गेल्या महिन्यात एका दुपारी सलग ११ भाग वाचले, चष्मा पुसून पुसून. वाचून झाल्यावर फोन मला परत दिला, काही बोलली नाही, भाताचा कुकर लावायला गेली. रात्री भांडी घासताना पाठमोरीच विचारते, "ती सही तू खंय बघलंस गो?"

म्हटलं, खंय नाय, मनातलीच आसा.

नळ तसाच चालू होता. ती म्हणाली, "मरांदे," आणि पुढचं ताट घेतलं.